वाढतं माप

"मोरचूद घेतलंत का?"

सुवार्तानं हे विचारलं तेव्हा मी बॅगेची चेन लावत होतो. चेन अर्ध्यावरच राहिली. दोन वर्षांत हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"कशाला?" मी उगाच विचारलं.

"खळीला कसर लागेल नाहीतर. तिथं कुठं शोधत बसायचं?"

मी बाइंडर. नगरच्या एका छापखान्यात वह्या आणि रजिस्टरं बांधण्यात माझा जन्म गेला. मैद्याची खळ शिजत आली की तिच्यात मोरचूद टाकायचं, एवढीच अक्कल मी लग्नानंतर बायकोला दिली असेन. बाकीची सगळी तिची. आमचा आमोद दीड वर्षाचा झाला तरी मान धरेना, तेव्हा पुण्याच्या एका शिबिरात जाऊन ती कागदाच्या खुर्च्या करायला शिकून आली. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवायचा, वरून रद्दीचे थर द्यायचे, प्रत्येक थराला खळ. वाळल्यावर ते लाकडासारखं टणक होतं, आणि मुलाच्या अंगाबरहुकूम बेतता येतं. आमोदची मान डावीकडे कलायची, म्हणून त्याच्या खुर्चीला डाव्या बाजूनं आधाराचा कान असायचा. मूल वाढतं, खुर्ची काही वाढत नाही. म्हणून दर नाताळाच्या आधी सुवार्ता सुतळीनं त्याचं माप घ्यायची आणि नवी खुर्ची करायची. बैठक दरवर्षी बोटभर वाढायची. त्या बोटाचं तिला इतकं कौतुक की शेजारीपाजारी सांगून यायची.

आमोदला सातवं पुरं झालं आणि त्या पावसाळ्यात न्यूमोनियानं तो गेला. त्याची शेवटची खुर्ची आमच्या पुढच्या खोलीत होती. रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायचो.

तर आमच्या चर्चचे उजागरे पाळक मंडळीतल्या काही जणांना घेऊन नेपाळला निघाले होते. तिथल्या डोंगरातल्या एका छोट्या मंडळीनं अपंग मुलांसाठी घर चालवलं होतं. दोन आठवडे तिथं राहायचं, कुणी भिंती रंगवायच्या, कुणी संडासाला धरायला कठडे बसवायचे, मुलांना खेळवायचं, गीतं गायची. "पासपोर्ट न लागणारा परदेश आहे, दावीदराव," पाळक मला म्हणाले. "तुमच्यासारख्या काटकसरी माणसाला याहून स्वस्तात परदेश घडायचा नाही." मग सुवार्ताकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तिथं खुर्च्या करणारं कुणी नाही."

ती चहाचे कप उचलून आत गेली होती. माझ्या मते तो विषय तिथंच संपला होता. आणि आता ती मोरचूद विचारत होती.

गोरखपूरच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईनं ओळख काढली. मुलंबाळं किती, हे ओघानं आलंच.

"एक मुलगा," सुवार्ता म्हणाली.

"घरी कुणाकडे ठेवलाय?"

सुवार्तानं डबा उघडून तिच्यापुढे शेंगदाण्याची पोळी केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ते घर उतारावर होतं, पत्र्याचं, निळ्या दारांचं. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी धुकं आणि दुपार सरते न सरते तोच डोंगराची सावली अंगणावर. घर सांभाळणारी सुस्मितादीदी चांगली हिंदी बोलायची. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला कोपऱ्यातल्या गादीकडे नेलं. तिथं बिशाल पडला होता. हातपाय काटक्यांसारखे, डोळे मात्र भलतेच चौकस. कुणी जवळ आलं की जीभ बाहेर काढून हसायचा.

"याला आधी बसवा," दीदी म्हणाली. "आडव्यानं भरवलं की घास श्वासात जातो. छाती दोनदा भरून आलीय. तिसऱ्यांदा भरली तर डॉक्टर म्हणतात, आमच्या हातात काही नाही."

हे शब्द आमच्या ओळखीचे होते. मी सुवार्ताकडे बघितलं नाही.

"याचं कुणी आहे?" तिनं विचारलं.

"आजी आहे. पुढच्या शनिवारी न्यायला येणार. दिवसभराची चाल आहे तिच्या गावाहून. एकदा गेला की मग वर्षभर खाली आणणं व्हायचं नाही. तेव्हा तो खुर्चीत बसून जेवायला लागायला हवा, आणि आजीनं ते इथं बघून जायला हवं."

"किती वर्षांचा?"

"नऊ."

"नऊ?" सुवार्तानं पुन्हा विचारलं.

"दिसत नाही ना? पाचाचाच वाटतो सगळ्यांना."

सुवार्तानं पिशवीतून सुतळी काढली. गुडघ्यापासून कंबरेपर्यंत एक गाठ, कंबरेपासून खांद्यापर्यंत दुसरी, खांद्यापासून डोक्यापर्यंत तिसरी. मी त्याला मांडीवर धरून बसलो होतो. त्याचं डोकं माझ्या उजव्या दंडावर येऊन टेकलं. दोन वर्षांनी एवढ्याशा जिवाचा भार अंगावर घेत होतो. सुतळी कधी मोजून झाली ते मला कळलं नाही.

त्याच रात्री पोराला ताप चढला. दीदीनं त्याला आतल्या खोलीत हलवलं आणि धुक्याच्या हवेत बाहेर आणायचं नाही म्हणून बजावलं. त्यामुळे खुर्ची करताना मधूनमधून मुलाला बसवून बघायचं असतं, ते राहून गेलं.

"ओली असतानाच एकदा बसवून घेतलं असतं तर बरं," मी म्हणालो.

"माप माझ्या हातात आहे," सुवार्ता म्हणाली.

आणि खरंच, तिचे हात बघत राहावं असे चालत होते. व्हरांड्यात नेपाळी वर्तमानपत्रांचा ढीग, चुलीवर मैद्याची खळ, तिच्यावर निळसर झाक. कोपरापर्यंत खळ माखलेली, कपाळावर पदराचं टोक. सुतळी खिळ्याला टांगलेली होती, पण तिच्याकडे तिनं फारसं बघितलं असेल असं वाटत नाही. ती वीत टाकायची, बोटं लावायची आणि कापायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती गुणगुणायला लागली. उपासनेतलं गीत नव्हे, आमोदला झोपवतानाचं काहीतरी, शब्द नसलेलं. पाळक रंगाचा डबा हातात धरून दारात थांबले.

"दावीदराव, ऐकताय ना?" ते हळूच म्हणाले. "नगरला परतलो की पहिल्याच रविवारी बाईंनाच साक्ष द्यायला उभं करू, देवानं काय केलं ते सगळ्यांना सांगायला."

मला पाळकांचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं, की बाई परत आली. दोन वर्षं आमच्या घरात दोन माणसं जेवत होती आणि भांडी वाजत होती, एवढंच. आता ती मला हुकूम सोडत होती. हा पुठ्ठा आडवा धरा, तो दाबून ठेवा, अहो, तिकडे सुरकुती आली बघा. एवढ्या शिव्या मी हौसेनं आयुष्यात कधी खाल्ल्या नसतील. खुर्ची वाळेना म्हणून आम्ही दोघं ती उन्हाच्या मागं मागं अंगणभर फिरवायचो, आणि ऊन गेलं की चुलीशेजारी न्यायचो.

ती मला जराशी मोठी वाटली. पण ओली वस्तू मोठीच दिसते आणि वाळल्यावर आटते, असं मी माझंच समाधान करून घेतलं.

नेपाळात सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारीच. ती आटोपून बाहेर येतो तो अंगणात एक म्हातारी बसलेली. ठेंगणी, सुरकुतलेली, नाकात फुली, शेजारी बांबूची डोको, म्हणजे कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहायची ती निमुळती टोपली. सगळे तिला बजै म्हणत होते, म्हणजे आजीच. तिच्याबरोबर गावचा एक बाप्या होता, खुर्ची वाहून न्यायला. घरी म्हैस शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आली होती आणि दुपारच्या आत निघायचं होतं, नाहीतर मुक्कामाच्या गावी पोचायच्या आधी अंधार झाला असता. आमचीही बस दुसऱ्या दिवशी पहाटेची होती.

बिशालचा ताप उतरला होता. दीदीनं त्याला उचलून आणलं. सगळे गोलात उभे राहिले. खुर्ची उन्हात चकचकत होती, तिला पाळकांनी हौसेनं पिवळा रंग दिला होता. दीदीनं बिशालला तिच्यात ठेवलं आणि हात काढून घेतले.

तो घसरला. बैठक इतकी खोल की त्याचे गुडघे कडेपर्यंत पोचेनात, पाय काठ्यांसारखे पुढे आले, कंबर निसटली, आणि डोकं उजवीकडे कलंडलं. तिथं आधार नव्हता. आधार डावीकडे होता.

बिशालला वाटलं हा खेळच आहे, तो तसाच तिरपा पडून हसला आणि हसता हसता खोकायला लागला. दीदीनं त्याला झटकन उचललं.

"वाढत्या अंगाची केलीय बाईंनी," पाळक घाईनं म्हणाले. "वर्षभर पुरायला हवी ना."

बजै दीदीला काहीतरी म्हणाली आणि खांद्यावरचं पांघरूण काढायला लागली. "म्हणते, छान आहे," दीदीनं सांगितलं. "कपडे भरून बसवेन म्हणते." एवढा डोंगर उतरून आलेल्या बाईला आमचं मन मोडायचं नव्हतं. पण कपडे भरून कंबर थांबत नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

मी खाली बसलो आणि बैठकीवर वीत टाकली. बाइंडरचा हात आहे, सवयीनं पडला. आमोदच्या शेवटच्या खुर्चीची बैठक माझी एक वीत आणि तीन बोटं होती. ही एक वीत आणि पाच बोटं भरली. मग मी तो डावीकडचा कान बघितला. त्याची गोलाई, आतल्या बाजूला कानशिलासाठी ठेवलेला खोलगट भाग. तसा खोलगट भाग मी जगात एकाच ठिकाणी बघितला होता.

"सुवार्ता," मी म्हणालो. "माप चुकलंय."

"नाही चुकलं."

"आमोदची केलीस."

ती खुर्चीकडे बघत होती. तिच्या तोंडावरून मला कळलं की तिलाही ते आत्ताच दिसतंय.

"पण मग दोन बोटं मोठी का?" मी विचारलं. मला खरंच उमजलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली, अहो," ती म्हणाली. "एवढा झाला असेल ना तो."

दोन वर्षं मी समजत होतो की आमचं पोर सातव्या वर्षी थांबलंय आणि आम्ही दोघं तिथंच बसून आहोत. आणि ही माउली एकटीच त्याला वाढवत होती. नाताळ आला की मनातल्या मनात सुतळी लावत होती, बोट वाढवत होती. मला सांगितलंही नव्हतं.

पाळकांनी मान खाली घातली. दीदीला मराठी कळत नव्हती, पण तिनं बिशालला छातीशी आणखी घट्ट धरलं. बजै आमच्या तोंडांकडे बघत होती आणि मग तिनं सूर्याकडे बघितलं. तिला निघायचं होतं.

"करवत आणा," सुवार्ता म्हणाली.

कठड्यांच्या कामासाठी आणलेली हातकरवत मी आणून दिली. तिनं खिळ्यावरची सुतळी काढून बैठकीला लावली, बिशालची पहिली गाठ जिथं आली तिथं खूण केली. तिथून कडेपर्यंत पाच बोटं होती. तिनं बोटाबोटावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या.

"पाचही एकदम काप की," मी म्हणालो.

"एकदम नको. जास्त कापलं तर जोडता यायचं नाही. एकेक कापू आणि बसवून बघू."

हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

मी खुर्ची उलटी धरली आणि तिनं करवत लावली. वाळलेला कागद कापताना लाकडासारखा आवाज येत नाही, जाड कापड फाडल्यासारखा येतो. पहिली पट्टी खाली पडली.

"हे नववं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे.

दुसरी पडली. "आठवं."

मग ती थांबली. बैठक आता एक वीत तीन बोटं होती. तिनं तिच्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. ही आमच्या पुढच्या खोलीतली खुर्ची होती, वर्तमानपत्रांखालची. दीदीनं बिशालला पुन्हा बसवून बघितलं. अजून गुडघे आतच राहत होते.

"ही तुम्ही कापा," सुवार्तानं करवत माझ्यापुढे केली. "माझ्यानं होत नाही."

सातव्या वर्षी आमोद चमचा आपटायला शिकला होता. संध्याकाळी माझ्या सायकलचा आवाज आला की खुर्चीच्या फळीवर चमचा आपटायचा, मी आत येईपर्यंत आपटत राहायचा. एवढंच त्याला यायचं. छापखान्यात मी पाच वाजायची वाट बघायचो, ती त्या आवाजासाठी. ते वर्ष त्या एका बोटात होतं.

मी करवत लावली आणि मला रेघ दिसेना. आमोदला पुरताना मी रडलो नव्हतो. शवपेटीची दोरी माझ्याच हातात होती, कुणीतरी नीट सोडायला हवी होती. इथं परक्या अंगणात, पिवळ्या रंगाच्या कागदाच्या खुर्चीवर ओणवून मी हमसून हमसून रडलो. सुवार्तानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सरळ कापा," ती म्हणाली. "कड वेडीवाकडी राहिली तर पोराच्या पायाला टोचेल."

आम्ही दोघांनी मिळून ती कापली. मग सहावं, मग पाचवं. शेवटी डावा कान मुळापासून काढला आणि उजव्या बाजूला दोन भोकं पाडून दोरीनं आवळून बांधला. वरून दीदीच्या जुन्या शालीची घडी. तुटक्या कडांना सुवार्तानं उरलेल्या खळीनं कागद चिकटवले.

दीदीनं बिशालला ठेवलं आणि हात काढले. गुडघे कडेवर आले, पाय खाली सुटले, कंबर थांबली. डोकं उजवीकडे कललं आणि तिथं येऊन टेकलं. त्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. नऊ वर्षं त्यानं माणसांच्या हनुवट्याच बघितल्या असणार.

"बस्यो," बजै म्हणाली. ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दीदीनं तिच्या हातात वाटी दिली, मऊ भात आणि डाळ. सुवार्ता तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिनं बजैचा हात धरून दाखवलं. घास वरून नाही, समोरून न्यायचा. गिळेपर्यंत थांबायचं. हनुवटीखाली एक बोट. बजैनं घास दिला. बिशालनं तो तोंडात घोळवला, गिळला, आणि खोकला नाही. मग पुढचा. वाटी रिकामी झाली तरी तो खोकला नाही. म्हातारीचे डोळे वाहत होते आणि ती भरवतच होती, रिकाम्या वाटीतून.

त्यांना वाटेवर चहा द्यावा म्हणून सुवार्ता चुलीकडे गेली. अंगणात पडलेल्या पट्ट्या तिनं गोळा करून नेल्या होत्या. मी मागून गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसून त्या हातात लावून बघत होती. रुंदीवरून नाही, कापलेल्या कडेवरून ओळखत होती कुठली कुठली ती.

नववं आणि आठवं तिनं चुलीत घातलं. मोरचुदामुळे ज्योतीच्या कडेला जरा हिरवा रंग आला. आम्ही दोघं ते जळेपर्यंत बघत राहिलो, आणि त्यावर चहा उकळला.

बाकीच्या तीन पट्ट्या तिनं पिशवीत ठेवल्या.

बजै निघाली तेव्हा बिशाल डोकोत होता, पांघरुणात गुंडाळलेला, नुसतं तोंड बाहेर. बरोबरच्या बाप्यानं खुर्ची पाठीला बांधली होती, आमच्याकडे तोंड करून. ते चढायला लागले. पोर लगेच दिसेनासं झालं, पण ती पिवळी रिकामी खुर्ची बराच वेळ दिसत राहिली. सुवार्ता शेवटच्या वळणापर्यंत उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सुनौलीच्या सीमेवर पोचलो. तिथल्या एका पोलिसाला काय वाटलं कोण जाणे, नेमकी सुवार्ताचीच पिशवी त्यानं उघडायला लावली. स्वेटर, बायबल, गीतांचं पुस्तक, आणि तळाशी पिवळ्या रंगाच्या त्या तीन पट्ट्या. त्यानं त्या उलटसुलट करून बघितल्या, वास घेतला.

"यह क्या है?"

"मेरे बेटे का है," सुवार्ता म्हणाली.

त्याला काही कळलं नाही, पण बाईमाणूस बघून तो जरा नरमला. पट्ट्या परत ठेवता ठेवता त्यानं सहज विचारलं, "कितना बड़ा है बेटा?"

मी तिच्याकडे बघितलं. मागं रांगेत माणसं ढकलाढकली करत होती.

"सात साल का था," ती म्हणाली.

त्यानं पिशवीची चेन लावून दिली, आणि आम्ही आपल्या हद्दीत आलो.